सिकंदर तीन दिवस उपाशी राहिला

परवा देवरे सर गेल्याचा निरोप आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. भाच्यानं फोनवर सांगितलं आणि पुढे म्हणाला, "आत्या, तुझे लाडके सर ना ते?" मी हो म्हटलं आणि मेथी निवडत राहिले. दुपारपर्यंत शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर सरांचे फोटो, जोडलेल्या हातांची चित्रं आणि ‘ज्ञानतपस्वी’ वगैरे शब्द यांची रांग लागली. कुणीतरी लिहिलं, सरांनी सिकंदर शिकवला तसा कुणी शिकवला नाही. हे अगदी खरं आहे. मी स्वतः पुढे जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, आणि तो धडा आला की दरवर्षी मला वर्गात हातातला खडू खाली ठेवून मिनिटभर खिडकीबाहेर बघावं लागायचं. मुलींना वाटायचं बाईंना पुढचं आठवत नाही. मला सगळं आठवत होतं. वय झालं की राग निवतो असं लोक सांगतात. माझा निवला नाही, आणि निवावा अशी माझी इच्छाही नाही.

आमचं घर नंदुरबारला गावाच्या कडेला, आणि घरामागे मिरचीची पथारी. पथारी म्हणजे मोठं सपाट मैदान, त्यावर ओली लाल मिरची पसरून वाळवायची. दिवाळीनंतर मिरच्यांच्या गाड्या यायला लागायच्या आणि होळीपर्यंत मागचं दार उघडलं की डोळ्यांपुढे फक्त लाल. पहाडातून, पार काठी गावाच्या पलीकडच्या पाड्यांवरून बाया यायच्या. त्या दिवसभर उन्हात ओळीनं बसून मिरचीचे देठ खुडायच्या, आणि होळीला सगळ्या एकदम परत जायच्या. घरातला पहिला आवाज म्हणजे खोकला. सकाळी आधी बाई खोकायची, मग आण्णा, मग मी आणि भाऊ. बाई म्हणजे माझी आई. आम्ही सगळे तिला बाईच म्हणायचो. पाहुणे आले की पहिली पाच मिनिटं ठसक्यात जायची आणि आण्णांना त्याचा अभिमान वाटायचा. "आमच्या घरात येणारा माणूस रडूनच बसतो," असं ते हसत म्हणायचे. पथारीवरच्या बाया संध्याकाळी हौदावर हात धुवायच्या तेव्हा त्यांच्यात कुणी बोलत नसे. पाणी लागलं की हातांची आग वाढते. बाई कधीकधी त्यांना गुपचूप ताकाचं भांडं नेऊन द्यायची. गुपचूप, कारण आण्णा म्हणत, सवय लावू नको.

आण्णांचं नाव भिकन. गावात त्यांना आण्णासाहेब म्हणत, बाजारात शेठ म्हणत, आणि भिकन म्हणणारा एकच माणूस उरला होता, जिभाऊ. जिभाऊंचं खरं नाव उखाजी. ते नात्यातले नव्हते. प्रकाशा गावाजवळच्या ज्या तापीकाठच्या खेड्यातून आण्णा आले तिथलेच ते. दोघं एकाच वर्गात नापास झालेले, एकाच डोहात पोहायला शिकलेले. आण्णांनी धंदा सुरू केला तेव्हा पहिली गाडी दोघांनी मिळून उतरवली. पुढे आण्णा गादीवर बसायला लागले आणि जिभाऊ पथारीवर उभे राहिले. त्याचं त्यांना काही वाटल्याचं मी कधी पाहिलं नाही. उंच, काळेसावळे, कमरेत किंचित वाकलेले. लाल मिरचीत उभे असले की लांबून झाडासारखे दिसायचे. दुपारी आमच्याकडेच जेवायचे. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा आणि वांग्याचं भरीत असलं की बाईला म्हणायचे, "वहिनी, आज तुमन्हा हातले सोन्यानं कडं पाहिजे." बाई एवढ्यावरच दिवसभर खूश असायची. आण्णांनी तिच्या स्वयंपाकाबद्दल कधी तोंड उघडलं ते फक्त मीठ कमी पडलं तेव्हा.

देवरे सर आमच्या शाळेत इतिहासाला होते. बारीक अंगाचे, पांढरा सदरा, आवाज मात्र असा की मागच्या बाकावरच्या पोरी वेणी घालायचं विसरायच्या. अकरावीच्या वर्षी त्यांनी मला तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी निवडलं. विषय होता ‘जगज्जेता सिकंदर’. शाळेच्या ग्रंथालयात पुठ्ठे गेलेला एक जाडजूड जुना ग्रंथ होता, तो सरांनी मला घरी नेऊ दिला. मी तो पथारीच्या बाजूच्या ओसरीत बसून वाचायचे. पानांवर लाल धूळ बसायची. बापाच्या मरणानंतर विशीत गादीवर बसलेला तो मुलगा, त्याचा घोडा, त्याच्या मोहिमा. इजिप्तच्या वाळवंटात आमोन देवाच्या ठाण्यावर जाऊन तू देवाचाच मुलगा आहेस असं पुजाऱ्याकडून ऐकून आलेला. मी सरांना विचारलं, "सर, त्याला स्वतःला ते खरं वाटत होतं का?" सर फार छान हसले. म्हणाले, "शोभा, हाच प्रश्न. बाकी सगळ्या तारखा." त्या एका वाक्यासाठी मी सरांवर जीव टाकला होता. आम्ही तासन्‌तास बोलायचो. बाण लागून रक्त आलं तेव्हा सिकंदर म्हणे सोबत्यांना हसून म्हणाला होता की हे रक्तच आहे, देवांच्या अंगातलं काही वेगळं नाही. मग देवपण कुणासाठी होतं? जिंकलेल्या लोकांसाठी? स्वतःच्या सैन्यासाठी? सर प्रश्न टाकायचे आणि थांबायचे. मला आजही कळत नाही की असे प्रश्न विचारता येणारा माणूस पुढे तसं कसं वागू शकला. कळत नाही म्हणजे कळतं, पण पचत नाही.

त्या थंडीत आण्णा शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष झाले. सत्काराची तयारी आठवडाभर चालली होती. त्याच आठवड्यातल्या मंगळवारी पथारीवर रेली नावाची बाई देठ खुडता खुडता आडवी झाली. तिला सातवा महिना होता. मी शाळेतून आले तेव्हा बायांनी तिच्याभोवती लुगडी धरली होती आणि जिभाऊ आमच्या पुढच्या दारात उभे राहून आण्णांकडे जीप मागत होते. जीप धुऊन पुसून उभी होती. तिला हार, फेटे आणि छापलेल्या पत्रिका आणायला बाजारात जायचं होतं. आण्णा म्हणाले, "बाया बाळंत होतातच. त्यांच्यात सवय असते. बैलगाडी जुंपून घे." बैलगाडी धानोऱ्याला गेलेली होती. जिभाऊंनी रेलीला खाटेवर घातलं आणि चौघांनी खाट उचलून दवाखान्याचा रस्ता धरला. वाटेतच मुलगी झाली आणि वाटेतच गेली. तिसऱ्या दिवशी रेली पुन्हा पथारीवर येऊन बसली. बाईनं तिला बोलावून शिरा खाऊ घातला. ती मान खाली घालून खात होती आणि बाई समोर बसून तिच्याकडे न बघता चुलीतली राख उगाच ढवळत होती.

सत्कार रविवारी सकाळी झाला आणि दुपारी आमच्या अंगणात पंगत बसली. बट्ट्या, वरण, घोटलेली वांग्याची भाजी, जिलबी. तुपाचा वास मिरचीच्या वासावर मात करत होता, असं आमच्या घरात क्वचितच व्हायचं. आण्णा मधल्या पाटावर, गळ्यातला जरीचा हार अजून काढलेला नव्हता. एका बाजूला देवरे सर आणि मुख्याध्यापक, दुसऱ्या बाजूला जिभाऊ, कारण आण्णांनीच त्यांना हात धरून तिथे बसवलं होतं. हेही सांगायला हवं. आण्णा दारूला शिवत नसत. पण सकाळपासून जी भाषणं झाली होती ती त्यांच्या डोळ्यांत उतरलेली दिसत होती. पाहुण्यांपैकी एकजण म्हणाला की आण्णासाहेबांनी शून्यातून हे उभं केलं, वडलांचा काही आधार नसताना. दुसरा म्हणाला, आण्णासाहेब म्हणजे या पहाडी गोरगरिबांचे मायबाप. आण्णांनी मान डोलावली. जिभाऊंनी बट्टी कुस्करायची थांबवली.

"भिकन," ते म्हणाले, "मायबाप काबर म्हनू दी ऱ्हायना?"

आण्णा हसले. "जेव रे."

"मंगयवारले रेलीनी पोर मरनी. मी जीप मांगी, तू दिधी नही. जीप हार आनाले गयथी." त्यांनी बोटानं आण्णांच्या गळ्याकडे दाखवलं. "तोच हार शे हाऊ."

आवाज चढलेला नव्हता. मीठ मागावं तसं ते बोलले. पंगतीत वाढणारे हात थांबले. मी जिलबीचं ताट घेऊन चार पावलांवर होते. आण्णांनी पाण्यानं भरलेला पितळी तांब्या उचलला आणि जिभाऊंच्या तोंडावर मारला. फेकला नाही, हातात धरून मारला. काठ डाव्या डोळ्यावर बसला. जिभाऊ ओरडले नाहीत. त्यांनी डोळ्यावर हात ठेवला आणि पाटावरून उठायचा प्रयत्न केला, आणि पत्रावळीवर बसले. वरणात रक्त पडत होतं आणि एक पाहुणा आपलं धोतर सावरत मागे सरकला, हे मला स्पष्ट आठवतं. आपलं धोतर.

जिभाऊंना दवाखान्यात नेलं, तिथून डोळ्यासाठी धुळ्याला. या खेपेला जीप मिळाली. आण्णा खोलीत जाऊन पलंगावर पडले आणि रडायला लागले. मोठ्यानं, लहान मुलासारखं. "मी काय करी बठनू," असं म्हणत भिंतीवर डोकं आपटत होते. रात्री जेवले नाहीत, दुसऱ्या दिवशी जेवले नाहीत. आणि मग आमच्या घरात वेगळंच काहीतरी सुरू झालं. सगळं घर, सगळी गल्ली आण्णांच्या पोटाच्या काळजीला लागली. काका आले, आत्या आल्या, बाजारातले लोक आले. आत्यांनी मुगाची खिचडी केली, ती परत आली. पेज केली, परत आली. दारात येणारा प्रत्येक माणूस हलक्या आवाजात एकच विचारत होता, "जेवले का?" धुळ्याला खाटेवर पडलेल्या माणसाचं काय झालं हे दोन दिवसांत आमच्या ओट्यावर एकानंही विचारलं नाही. बाई तेवढी गप्प होती. ती नेमानं स्वयंपाक करत होती, आण्णांच्या दारापर्यंत ताट नेत होती आणि परत आणत होती. तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं, आणि मला तिचाही राग येत होता.

आणि त्या ग्रंथात मी हे सगळं वाचलेलं होतं. समरकंदच्या मेजवानीत सिकंदरचे खुशमस्करे त्याच्या बापाला कमी लेखत होते, त्याचे पराक्रम देवाच्या तोडीचे ठरवत होते. तेव्हा क्लायटस नावाचा त्याचा जुना सोबती, लढाईत त्याचा जीव वाचवलेला माणूस, उठून बोलला की हे विजय मॅसिडोनियाच्या माणसांच्या रक्तावर उभे आहेत. दारूच्या अंमलाखालच्या सिकंदरनं पहारेकऱ्याचा भाला हिसकावला आणि त्याला ठार केलं. मग तीन दिवस तंबूत पडून राहिला, अन्नपाणी न घेता रडत राहिला. कुणाला वाटेल मी आता म्हातारपणी ओढूनताणून जुळवते आहे. आण्णा राजा नव्हते, मिरचीचे व्यापारी होते. जिभाऊ मेले नाहीत. मी स्वतः ती जुळणी केलीच नसती. ती देवरे सरांनी केली.

तिसऱ्या दिवशी सकाळी सर आले. मला चहा घेऊन आत पाठवलं होतं. सर पलंगाच्या कडेला बसले होते, आण्णांचा हात हातात घेऊन. तोच आवाज, वर्गातला. "आण्णासाहेब," ते म्हणत होते, "सिकंदराच्या हातूनसुद्धा असंच झालं होतं. त्यानंही अन्न सोडलं. तेव्हा एका तत्त्वज्ञानं त्याला समजावलं की देवाच्या शेजारी न्याय बसवलेला असतो तो यासाठी, की मोठ्या माणसानं जे केलं ते न्यायाचंच ठरावं. मोठ्या माणसाचा राग मोठा असतो, पश्चात्तापही मोठा असतो. तुम्ही खाली पडलात तर शाळेचं काय, इतक्या लोकांचं काय? आणि खरं सांगू का, मी शेजारीच होतो. तांब्या ओला होता. हातातून निसटला." मुख्याध्यापक दारात उभे होते. ते म्हणाले, "निसटलाच. आम्हीही तेच पाहिलं." काकांनी मान हलवली. आण्णांनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं, आणि मी त्यांचा चेहरा बदलताना पाहिला. रडून सुजलेला चेहरा हळूहळू सैल झाला, मग घट्ट झाला. ते उठून बसले. म्हणाले, "निसटना. हा." दुपारी त्यांनी डाळीचे वाफवलेले फुनके आणि कढी खाल्ली, दोनदा वाढून घेतली, आणि ढेकर दिला. तो ढेकर मी माजघरात ऐकला.

ग्रंथात ते पान होतं. त्या तत्त्वज्ञाचं नावही होतं, ॲनक्झार्कस. आणि त्यापुढे असंही लिहिलं होतं की नंतर सैन्यानं ठराव करून क्लायटसला मारणं योग्यच होतं असं जाहीर केलं. सरांनी मला हे पान शिकवताना त्या तत्त्वज्ञाला लाचार म्हटलं होतं. लाचार हा शब्द त्यांचाच.

स्पर्धा त्याच आठवड्यात, आमच्याच शाळेच्या सभागृहात होती. बक्षिसं देणार अध्यक्ष, म्हणजे आण्णा. सरांनी लिहून दिलेलं भाषण मला पाठ होतं. मी व्यासपीठावर गेले आणि त्यातलं पहिलं वाक्य म्हटलं, आणि मग ते सोडून दिलं. मी म्हणाले की सिकंदरला स्वतः देव असल्याचं खरं वाटत होतं का, असा प्रश्न मला पडला होता आणि आता त्याचं उत्तर मला मिळालं आहे. त्याला ते वाटत नव्हतं. त्याला फक्त इतरांना ते वाटायला हवं होतं, आणि ज्यानं त्याला पोरवयात पाहिलं होतं तो माणूस समोर बसलेला असेपर्यंत ते शक्य नव्हतं. मी म्हणाले, लोक त्याच्या पश्चात्तापाचं कौतुक करतात. पण तू निर्दोष आहेस असं सांगितल्याबरोबर ज्याचं रडू थांबतं, तो मेलेल्यासाठी रडत नव्हता, स्वतःसाठी रडत होता. तीन दिवस त्याच्या जेवणाची चिंता सगळ्या छावणीला होती. क्लायटसच्या घरी कोण गेलं? आणि सगळ्यांत नीच मला सिकंदर वाटत नाही, त्याला समजावणारा वाटतो, कारण सिकंदर शुद्धीवर नव्हता आणि समजावणारा होता. मी एकही शब्द गिळला नाही. सर खुर्चीत खिळले होते. त्यांनी वेळेची घंटा वाजवली तेव्हा अजून दोन मिनिटं शिल्लक होती.

टाळ्या पडल्या. खूप टाळ्या पडल्या. आणि आण्णांनी मला पहिलं बक्षीस दिलं. ढाल हातात देताना माझ्या पाठीवर थाप मारली आणि ध्वनिक्षेपकावर म्हणाले, "ही माझी मुलगी." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांना कळलं नव्हतं की कळूनही त्यांनी ते गिळलं, हे मला शेवटपर्यंत समजलं नाही. परीक्षकांपैकी एक म्हणाले, काय विश्लेषण, काय भाषा. त्या क्षणी मला ढाल कुणाच्या तरी डोक्यात घालावीशी वाटली, आणि मी माझ्याच हाताला घाबरले.

हल्ली कार्यक्रमांतून वक्ते सिकंदरची ती गोष्ट सांगतात, मेल्यावर माझे दोन्ही हात शवपेटीबाहेर ठेवा, रिकामे दिसू देत, असं तो म्हणाला म्हणे. मला ती कुठल्याही जुन्या आधारात सापडली नाही. पण लोकांना ती आवडते, कारण तिच्यात मारणाराच शेवटी शहाणा होतो आणि त्याच्याकडूनच आपण धडा घ्यायचा असतो. ज्याला भाला लागला त्याच्याकडून कुणाला काही शिकायचं नसतं.

बक्षीस मिळालं त्या दिवसापर्यंत जिभाऊ धुळ्याहून परत आले होते. त्यांचं घर आमच्यापासून दोन गल्ल्यांवर. मी ढाल तशीच काखेत घेऊन गेले. ते ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते, अर्ध्या तोंडावर पांढरी पट्टी. त्यांची बायको, आम्ही तिला जिजी म्हणायचो, तांदूळ पाखडत होती. तिनं वर न बघता विचारलं, "तुन्हा बाप जेवना का?" मी ढाल पायरीवर ठेवली. मग जिभाऊंजवळ बसले आणि भाषणातलं सगळं त्यांना सांगितलं, अगदी पहिल्यापासून. मला वाटत होतं ते माझ्या डोक्यावर हात ठेवतील. त्यांनी उरलेल्या डोळ्यानं ढालीकडे बघितलं.

"मन्हं नाव लिधं का?"

"नाही."

"रेलीनं?"

"नाही."

"मंग कोनं लिधं?"

"सिकंदरचं. क्लायटसचं."

"तो सिकंदर मरीसनी कितला वरीस व्हयनात?"

"दोन हजारावर, जिभाऊ."

"मंग तो काय करी लेई तुन्हं," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. मला वाटतं त्यांना खरोखरच माझं कौतुक करायचं होतं आणि करण्यासारखं त्यांना काही सापडत नव्हतं. मग म्हणाले, "दवाखानावाला विचारेत, कशानं लागं. मी काही सांगं नही. एकदाव बोलनू, एक डोया गया. आते एकच शे." जिजीनं सूप आपटलं आणि आत निघून गेली.

मी घरी चालत आले ती सगळ्या जगावर चिडलेली, पण सगळ्यांत जास्त स्वतःवर. मी धीट नव्हते. मी दोन हजार वर्षांपलीकडे लपून दगड मारला होता, आणि ज्याला लागायला हवा त्यानंच मला ढाल दिली होती.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी भलती आशा धरणार नाही. खटला बरीच वर्षं रेंगाळला आणि शेवटी समेट झाला. आण्णा एक दिवसही आत गेले नाहीत. अध्यक्षपद तेवढं सोडावं लागलं. जिभाऊंचा डोळा गेला तो गेलाच. ते तापीकाठच्या खेड्यात परतले, लोकांच्या केळीच्या बागांना पाणी धरत राहिले आणि आण्णांनंतर चार वर्षं जगले. रेली त्या होळीला पहाडात गेली ती परत आली नाही. तिचं पूर्ण नाव मी तेव्हा विचारलं नव्हतं, आणि पुढे शोधायला गेले तेव्हा त्या नावाच्या इतक्या बाया निघाल्या की मी मान खाली घालून परत आले. मला शहाद्याला मामांकडे पाठवून दिलं. आण्णा माझ्याशी अकरा वर्षं बोलले नाहीत, आणि बोलायला लागले तेव्हा हवापाण्याबद्दल बोलले. देवरे सर पुढे मुख्याध्यापक झाले.

पण हे सगळं नंतर. स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पोलीस जमादार आमच्याकडे आला. धुळ्याच्या दवाखान्यातून कागद आला होता, त्यामुळे त्याला यावं लागलं होतं. आण्णांनी त्याला ओट्यावर खुर्ची दिली, चहा दिला. काका होते, देवरे सर होते, मुख्याध्यापक होते. एकेकानं सांगितलं की तांब्या ओला होता, हातातून निसटला. जमादारानं लिहून घेतलं. कागद संपत आला होता. अंगणातल्या हौदावर पथारीवरच्या आठदहा बाया पाणी प्यायला आल्या होत्या आणि ओंजळी तशाच धरून उभ्या होत्या. मी दारातून बाहेर आले.

"निसटला नाही," मी म्हणाले. "मी चार पावलांवर होते. आण्णांनी तांब्या हातात धरून जिभाऊंच्या डोळ्यावर मारला. उखाजी जिभाऊंच्या. रेलीचं मूल पथारीवरून नेताना वाटेत मेलं, आण्णांनी तिला जीप दिली नाही, हे ते बोलले म्हणून मारला."

देवरे सरांनी चष्मा काढला आणि पुसायला लागले. आण्णा म्हणाले, "शोभे, घरमा जाय." मी गेले नाही. मी तिथेच ओट्याच्या पायरीवर बसले. जमादारानं लेखणी कागदावर टेकवली आणि उचलली. तो वाईट माणूस नसावा. घामाघूम झाला होता.

"पोरी, तू लहान आहेस," तो म्हणाला. "तुला नीट दिसलं नसेल. आणखी कोणी पाहिलं?"

काकांनी लगेच म्हटलं, "कोन्हीच नही. आम्ही सांगी ऱ्हायनूत ना."

"मी देखं," मागून आवाज आला.

बाई दारात उभी होती. कोपरापर्यंत हात पिठानं माखलेले, पदर खांद्यावरून घसरलेला. पंगतीत वाढायचं सोडलं तर परक्या पुरुषांसमोर ती कधी उंबऱ्याबाहेर येत नसे. ती आली, माझ्या शेजारून पुढे झाली आणि जमादारासमोर उभी राहिली.

"तांब्या निसटना नही. मारा. मी वरन वाढी ऱ्हायनथू."

आण्णा खुर्चीतून अर्धवट उठले आणि पुन्हा बसले. जमादारानं माझं सगळं लिहून घेतलं, आण्णांचं पूर्ण नाव दोनदा विचारून लिहिलं, मग त्याखाली रेघ मारली आणि बाईकडे वळला.

"नाव?"

"सरजाबाई."

"नवऱ्याचं नाव?"

आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाहीत, आणि बाईनंही ते सबंध संसारात कधी घेतलेलं नव्हतं. तिनं पिठाचा हात लांब केला आणि बोट कागदाच्या वरच्या भागावर ठेवलं.

"ते लिखेल शे ना वर," ती म्हणाली. "मारनारा म्हनीसनी."